थोरल्या शाहूछत्रपतींची घडण आणि मातोश्री येसूबाई

थोरल्या शाहूछत्रपतींच्या स्वभावाविषयीं एक मत पुष्कळ दिवसांपासून रूढ आहे. तें असें कीं, मोंगलांच्या छावणींत, त्यांतहि जनान्याच्या सावलींत वाढल्यामुळें हा पुरुष मवाळ, सुखासीन व बादशहाचा मिंधा झाला. राज्य वाढलें तें पेशव्यांच्या मनगटावर. या मताचा उत्तरार्ध प्रस्तुत विषय नव्हे. पूर्वार्धांत 'जनान्याची सावली' म्हणून जी गोष्ट दोन शब्दांत उडवून देण्यांत येते, ती होती तरी कोणाची व तिच्याखालीं काय वाढलें, एवढेंच येथें तपासून पाहावयाचें आहे.

शाहूमहाराजांचा जन्म ता. १८ मे १६८२ चा, माणगांवानजीक गांगोलीचा. इ. स. १६८९ च्या फेब्रुवारींत संभाजीमहाराज संगमेश्वरीं पकडले गेले, त्या वेळीं मुलास सात वर्षेंहि पुरीं नव्हतीं. पुढें मार्च महिन्यांत महाराजांचा क्रूर वध झाला. या दीड महिन्यांत रायगडावर जें घडलें, त्याचा विचार शांतपणें केला पाहिजे. गादीचा औरस वारस आईच्या मांडीवर होता. असें असतां येसूबाईंनीं धाकटे दीर राजाराम यांस मंचकावर बसविण्यास संमति दिली. आणि वेढा आवळत चालला तेव्हां, सर्वांनीं एके ठिकाणीं अडकून राहूं नये, राजारामांनीं बाहेर पडावें व आपण मुलासह गड लढवावा, असा सल्ला दिला, अशी हकीकत बखरकार देतात. बखरींतील संवाद आपण सोडून देऊं. ते बहुधा लेखकाच्या पदरचे असतात. पण कृति तर निर्विवाद आहे. राजाराम एप्रिलांत गडाबाहेर पडले, येसूबाई व शाहू गडावर राहिले, आणि इतिकादखानानें नोव्हेंबरांत रायगड घेतला तेव्हां मायलेक शत्रूच्या हातीं पडलीं. या कामगिरीबद्दल खानास झुल्फिकारखान हा किताब मिळाला.

या कृतीचें मोल समजण्यास आपलीं दप्तरें उघडावीं. एका पाटिलकीच्या चतकोर वांट्यासाठीं विधवा आया अज्ञान मुलांस कडेवर घेऊन गोतसभेपुढें उभ्या राहिलेल्या, दिव्य करण्यास तयार झालेल्या त्यांत जागोजाग भेटतात, आणि त्यांस कोणी दोष देणार नाहीं. येथें वतन नव्हे, छत्र होतें. तें या बाईनें मुलाच्या डोक्यावरून काढून दुसऱ्याच्या डोक्यावर धरलें, कारण तसें न केल्यास छत्रच राहात नव्हतें. मुलाचा हक्क मात्र तिनें सोडला नाहीं. राजारामांनीं शंकराजी नारायण यांस लिहिलेल्या प्रसिद्ध पत्रांत, राज्याचे मूळ धनी चिरंजीव शाहू आहेत व आपण करीत आहों तें त्यांच्याचसाठीं, अशा आशयाची कबुली आहे. हक्क राखावा, पण त्यासाठीं घर मोडूं नये, ही मर्यादा येसूबाईंनीं घालून दिली होती. राजारामांनीं ती मानली.

येसूबाई शृंगारपूरच्या पिलाजी शिर्क्यांच्या कन्या. संभाजीमहाराजांनीं त्यांस स्वतंत्र शिक्का दिला होता: 'श्री सखी राज्ञी जयति'. संस्कृताच्या जुन्या शिक्षकास येथें थोडें थांबल्यावांचून राहवत नाहीं. शिवछत्रपतींच्या मुद्रेंत शहाजीराजांचें नांव आहे, संभाजीमहाराजांच्या मुद्रेंत शिवाजीराजांचें. या मुद्रेंत अमक्याची कन्या नाहीं कीं अमक्याची पत्नी नाहीं. चार सुटसुटीत शब्द, आणि त्यांत नातें एकच सांगितलें आहे, सख्याचें. जिच्या बुद्धीवर राज्यकर्त्या पतीनें एवढा विश्वास टाकला, ती स्त्री पुढें सतरा वर्षें एका मुलाचें संगोपन करीत होती, आणि दुसरें कोणतेंहि राज्य तिच्या हातीं नव्हतें. त्या संगोपनाचा परिणाम शून्य धरून चालणारे इतिहासकार मला तरी धाडसी वाटतात.

बंदिवासाचें स्वरूपहि नीट पाहिलें पाहिजे. बादशहानें शाहूस राजा ही पदवी व सात हजारांची मनसब दिली हें खरें. तथापि येसूबाईंनीं चिंचवडच्या देवांस लिहिलेलें पत्र प्रसिद्ध आहे, त्यांत खर्चाची ओढ व कर्ज यांचा मजकूर आहे. कागदावर मनसब आणि चुलीपाशीं कर्ज, असा हा संसार होता. शिवछत्रपतींच्या राणी सकवारबाईहि या कैदेंत होत्या. छावणी ब्रह्मपुरीस, गलगल्यास, अहमदनगरास, जेथें बादशहा जाईल तेथें जाई, आणि हें कुटुंब तिच्याबरोबर.

आतां दुसरी स्त्री. औरंगजेबाची अविवाहित कन्या झीनतुन्निसा बेगम बापाबरोबर दक्षिणेंत होती व तिनें शाहूवर ममता केली. आमच्या लेखकांना या ममतेचें ओझें वाटतें, आणि म्हणून ते एक तर ती लपवितात किंवा तिच्या माथीं शाहूचे सर्व दोष मारतात. दोन्ही अन्याय आहेत. इ. स. १७०३ मध्यें शाहूनें धर्मांतर करावें असा बादशहाचा आग्रह पडला. शाहूनें नकार दिला. त्याच्याऐवजीं प्रतापराव गुजरांचे दोन पुत्र मुसलमान झाले व प्रसंग टळला. यांत बेगमेची रदबदली होती अशी परंपरा आहे. बेगमेची माया शाहूस संकटांतून वांचवूं शकत होती. परंतु वीस-एकवीस वर्षांच्या तरुणाच्या तोंडून बादशहापुढें नकार निघाला, त्याचें मूळ बेगमेच्या डेऱ्यांत शोधतां येत नाहीं. तें शेजारच्या डेऱ्यांत शोधावें लागतें.

इ. स. १७०७ च्या मे महिन्यांत आझमशहानें शाहूस सोडलें, पण ओलीस म्हणून येसूबाई, मदनसिंग व आणखी कांहीं मंडळी मागें ठेवून घेतली. रायगडावर आईनें मुलाची गादी मागें ठेवली होती. येथें ती स्वतःच मागें राहिली. दक्षिणेंत आल्यावर शाहूमहाराजांनीं खुलताबादेस औरंगजेबाच्या कबरीचें दर्शन घेतलें. ही गोष्ट 'मिंधेपणाचा' मुख्य पुरावा म्हणून पुढें करण्यांत येते. मिंधा मनुष्य जिवंत धन्याच्या उत्तराधिकाऱ्यांपुढें वांकतो. मेलेल्याच्या कबरीशीं त्यास कांहीं मिळावयाचें नसतें.

ताराबाईंनीं त्यांस तोतया ठरविलें. खेडची लढाई झाली, आणि ता. १२ जानेवारी १७०८ रोजीं साताऱ्यास राज्याभिषेक झाला. पुढील पंचवीस वर्षांच्या भाऊबंदकीचा पाल्हाळ येथें नको. शेवट मात्र सांगितला पाहिजे. इ. स. १७३० मध्यें कोल्हापूरकर संभाजीराजांचा मोड झाला व राजघराण्यांतील स्त्रिया शाहूंच्या हातीं आल्या. महाराजांनीं त्यांस सन्मानानें पन्हाळ्यास पोंचविलें. ताराबाई आपल्या इच्छेनें साताऱ्यास राहिल्या. दुसऱ्या वर्षीं जखिणवाडीस दोघां भावांची भेट होऊन वारणेचा तह ठरला आणि जिंकलेल्या भावास स्वतंत्र राज्य मिळालें. शत्रूच्या बायकामाणसांस ओलीस ठेवण्याची रीत ज्यानें स्वतः भोगली, त्यानें हातीं आलेलें ओलीस सोडून दिलें. आणि 'हक्क राखावा, घर मोडूं नये' हीच ती रायगडावरील मर्यादा नव्हे काय?

शाहूंचे सर्वच गुण मातेचे असें म्हणण्याचा आग्रह नाहीं. सरंजामाची सैल व्यवस्था ही आरंभींच्या अडचणींची संतति आहे, तिचा आईशीं किंवा बेगमेशीं संबंध नाहीं. आणि राज्यकारभारांतील त्यांची दिरंगाई ही दिरंगाईच होती.

बेगम इ. स. १७२१ मध्यें दिल्लीस वारली. तिच्या स्मरणार्थ साताऱ्यास मशीद बांधविली, असें परंपरा सांगते. त्याआधीं इ. स. १७१८ मध्यें सय्यद हुसेनअलीशीं बोलणें लागलें, तेव्हां स्वराज्य, चौथाई व सरदेशमुखी या मागण्यांबरोबर मातोश्रींची व इतर मंडळींची सुटका हेंहि एक कलम होतें. बाळाजी विश्वनाथ फौजेसह दिल्लीस गेले, सनदा घेतल्या, आणि १७१९ च्या जुलैंत येसूबाईंस साताऱ्यास घेऊन आले. रायगड सोडल्यास तीस वर्षें होत आलीं होतीं. महाराज त्या वेळीं सदतीस वर्षांचे होते, आणि मातोश्रींचें दर्शन त्यांस बारा वर्षांनीं घडत होतें.