आवक नंबर

भिवंडीजवळच्या एका गोदामाच्या ऑफिसात मी दोन वर्षांपूर्वी कागदपत्रांचं सॉफ्टवेअर बसवलं. चलन, बिल्टी, ई-वे बिल, भाडेकरार, सगळं स्कॅन करायचं. शोधलं की समोर. तिसऱ्या आठवड्यात गेलो तर तिथले जुने कारकून काका आधी प्रत्येक कागदावर पेनाने आवक नंबर टाकत होते, मग स्कॅन करत होते, आणि कागद हवा असला की सरळ कपाटाकडे जात होते.

"तुझ्या नंबरात सोळा अक्षरं आहेत रे," ते म्हणाले. "फोनवर ड्रायव्हरला काय वाचून दाखवू?"

लोकांना बदल नको असतो, हे आमच्या धंद्यातलं आवडतं वाक्य. तेव्हा मीही ते म्हटलं. पण काकांच्या कपाटात गोदामाच्या जमिनीचा सातबारा होता. आमच्याकडची बरीचशी गोदामं जुन्या भातशेतीवर उभी आहेत, त्यामुळे सातबारा इथे फार जपला जातो. तो संगणकावर कसा आला हे वाचत गेलो आणि माझं वाक्य डळमळलं.

त्याआधी लखिना पॅटर्न. 1980च्या दशकाच्या सुरुवातीला अनिलकुमार लखिना अहमदनगरचे जिल्हाधिकारी होते. संगणक नव्हताच. त्यांनी कार्यालयातली बसण्याची व्यवस्था बदलली, तुंबलेलं दफ्तर उपसायला लावलं. 'अ' वर्गाचे कागद कायम ठेवायचे, 'ब'चे 30 वर्षं, 'ड'चे वर्षभरच, असे नियम सरकारात होतेच. पाळणारं कोणी नव्हतं. गठ्ठ्यांचं हे वर्गीकरण कापडाच्या रंगावरून लांबूनच ओळखू येऊ लागलं, की शिपायालाही काय कुठे ठेवायचं ते विचारावं लागत नाही. त्या कापडाला आपल्याकडे अजून रुमाल म्हणतात, पेशवे दफ्तरातला शब्द. मला यात आवडतं ते हे, की लखिनांनी कारकुनाला नवी भाषा शिकवली नाही. त्याला ठाऊक असलेल्या अ-ब-क-डला फक्त जागा मिळवून दिली.

सातबाराचं काम याहून किचकट. गावाच्या महसुली हिशेबाचे नमुने 1 ते 21. त्यातला सातवा हक्काचा, बारावा पिकांचा. दोन्ही एका कागदावर म्हणून सातबारा. शेतकऱ्यांनी फॉर्मच्या आकड्यालाच नाव करून टाकलं, आणि संगणकीकरणात ते नाव बदलण्याचा शहाणपणा कोणी केला नाही, हे बरंच झालं. पण हस्तलिखित उतारे टाइप करताना चुका झाल्या. कुठे क्षेत्र चुकलं, कुठे खातेदाराचं नाव गळलं. पुढे ई-फेरफार आला तेव्हा संथ सर्व्हरशी झगडायचं काम तलाठ्यांच्या वाट्याला आलं आणि त्यांच्या संघटनांनी आंदोलनंही केली. दुरुस्तीसाठी आधी एडिट आणि मग री-एडिट मॉड्यूल द्यावं लागलं.

आमच्या भाषेत हे सगळं डेटा क्लीनिंग. पण पडद्यावरचं क्षेत्र बरोबर आहे की नाही, हे पुण्या-मुंबईत बसलेल्या इंजिनिअरला कसं कळणार? बांधावरचा माणूसच सांगू शकतो. म्हणून 2017च्या उन्हाळ्यात चावडी वाचन झालं. संगणकावरचे सातबारे गावोगावी मोठ्याने वाचून दाखवले गेले, हरकती घेतल्या गेल्या. जमाबंदीच्या काळापासूनची ही पद्धत. सॉफ्टवेअरच्या चाचणीची याहून चांगली रीत मला कॉलेजात कोणी शिकवली नव्हती. 1 मे 2018 रोजी डिजिटल सहीचा सातबारा सुरू झाला, आणि कित्येक कामांसाठी तलाठ्याच्या सहीची वाट पाहणं संपलं. चुका संपल्या असं नाही. तहसील कचेरीत दुरुस्तीचे अर्ज घेऊन उभी असलेली माणसं आजही दिसतात. ज्याचं नाव गळलं, त्याचं कर्ज किंवा नुकसानभरपाई अडकते. त्याला मॉड्यूलच्या आवृत्तीशी काय घेणं?

मी गोदामात परत गेलो. काकांच्या शेजारी दोन दिवस नुसता बसलो, रजिस्टर कसं लिहितात ते पाहिलं. सोळा अक्षरं आता आत लपवली आहेत. पडद्यावर पहिला रकाना आवक नंबरचा, दुसरा गाडी नंबरचा, आणि 'रिपॉझिटरी' या बटणावर आता 'कपाट' लिहिलंय. गेल्या महिन्यात एक जुनी बिल्टी काकांनी खुर्चीतून न उठता काढून दिली.

रजिस्टर ते अजूनही लिहितात. लाइट गेली की गाडी त्यावरूनच सुटते.