कणीची खांडवी

नारपोलीत आज खांडवी म्हटले की तरुण मंडळींच्या डोळ्यांपुढे बेसनाची गुजराती सुरळी येते. आम्हांस अभिप्रेत आहे ती तांदळाच्या कणीची खांडवी : कणी तुपावर परतायची, गुळाच्या पाण्यात आले घालून शिजवायची आणि ताटात थापून वड्या पाडायच्या. आमच्या आईमागे हा पदार्थ घरातून नाहीसा झाला. तो पुन्हा जुळवण्याच्या खटाटोपात पाकशास्त्रापेक्षा गावाचा इतिहासच अधिक हाती लागला. तोच येथे मांडतो.

प्रथम पुस्तके चाळली. १९१० साली लक्ष्मीबाई धुरंधरांचे 'गृहिणीमित्र' निघाले, १९७० साली कमलाबाई ओगल्यांची 'रुचिरा'. वाटी-चमच्याचे माप घराघरांत नेले, हे ओगल्यांचे उपकार मोठे. पण आमच्या आईने कधी माप घेतले नाही, आणि मापाने केलेली आमची वडी चांगली झाली तरी आईची झाली नाही.

फरक होता तो कणीत. भिवंडी तालुका हा भाताचा मुलूख. घरी उखळात भात कांडले की दाणे फुटत. अख्खा तांदूळ विकायला, फुटका घरात खायला. म्हणजे ही खांडवी मुळात गरिबाच्या उरल्यासुरल्यातून झालेले पक्वान्न. हातसडीच्या कणीला कोंड्याचा तांबूस अंश असे. गिरणीतून पांढरीफेक होऊन येणाऱ्या कणीला तो कोठून असणार? त्यातच १९६८ साली 'जया' हे बुटके, भरघोस पिकणारे वाण आले. त्याने पोटाला दोन घास जास्त दिले, तेव्हा त्याला आम्ही नावे ठेवणार नाही. पण जुनी वाणे मागे पडली.

पुढे भातही मागे पडले. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईचा गिरणी संप सुरू झाला, आणि त्यानंतर कापडाचे काम अधिकाधिक भिवंडीच्या यंत्रमागांकडे वळले. मागांपाठोपाठ गोदामे आली. आईच्या हातचे कांडण सुटले आणि कांड्या भरणे आले. शब्द जवळचे, पण उखळाला घाई नव्हती; कांडीला मोजणी होती. १९४८ च्या कारखाने कायद्याने आठवड्याचे ४८ तास ठरवले होते. कांड्या भरणाऱ्या बायकांना तो कायदा आमच्यासारख्यांच्या भाषणांतच भेटला! नगावर मजुरी घेणारी बाई दुपारभर उखळाशी बसेल कशी?

शेवटी शेजारच्या वाडा तालुक्यातला कोलम मिळवला. त्याला २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. भात उसन्या उखळात कांडले, गूळ काळसर घेतला. कांडणे, पाखडणे, परतणे धरून साडेतीन तास गेले. वडी तांबूस, किंचित खरखरीत उतरली; थोरल्या बहिणीने वास घेऊनच मान डोलावली.

ताट आम्ही युनियनच्या कचेरीत नेले. कांडी खात्यातल्या एका बाईंनी वडी खाल्ली आणि किती वेळ लागला ते विचारले. आम्ही सांगितले. तेवढ्या वेळात किती कांड्या झाल्या असत्या, याचा त्यांनी बोटांवर हिशेब केला, आणि दुसरी वडी मुलासाठी पदरात बांधून घेतली.