पिंगयावची भिंत आणि हुंडीची पेढी

गावाभोवतीचा कोट बांधायला पैसा लागतो हे कोणीही सांगेल. तो पाडायलाही पैसा लागतो, हे मात्र आपल्या सहसा ध्यानात येत नाही. मुंबईचेच पाहा ना. १८६१ साली अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस विलायतेच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि आपल्या कापसाला सोन्याचे मोल आले. मुंबईत पैशाचा पूर लोटला. सर बार्टल फ्रिअर तेव्हा गव्हर्नर होते. नव्या श्रीमंतीला जुना कोट अडचणीचा वाटू लागला आणि त्या दशकातच त्याच्या भिंती आणि वेशी जमीनदोस्त झाल्या. रोज लाखो माणसे चर्चगेटला उतरतात, पण ते 'गेट' कुठे होते असे विचारले तर शंभरातला एकही बोट दाखवू शकणार नाही. फोर्ट आहे, कोट नाही!

चीनच्या शान्सी प्रांतात पिंगयाव नावाचे एक गाव आहे. त्याची भिंत अजून चहूबाजूंनी उभी आहे. गेल्या वर्षी ती मी डोळ्यांनी पाहिली, तिच्यावरून चाललो, आणि ही भिंत राहिली कशी या प्रश्नाने मला तेव्हापासून घेरले आहे. चीनमध्ये एके काळी कोट नसलेले शहर म्हणजे शहरच नव्हे, अशी समजूत होती. चिनी भाषेत भिंतीला आणि शहराला शब्दही एकच आहे. पण आज असे अखंड कोट हाताच्या बोटांवर मोजावेत इतकेच उरले. खुद्द बीजिंगची प्रचंड तटबंदी १९५० नंतरच्या वर्षांत पाडली गेली. ल्यांग सुचंग या थोर वास्तुशास्त्रज्ञाने जीव तोडून सांगितले होते, की भिंत पाडू नका, तिच्या माथ्यावर लोकांसाठी बाग करा. कोणी ऐकले नाही. राजधानीची गेली आणि एका आडगावची राहिली, हे कसे?

बीजिंगहून वेगवान आगगाडीने सुमारे चार तासांत पिंगयावला पोचता येते. स्टेशन गावापासून दूर आहे. बाहेर इतर कोणत्याही चिनी शहरासारखे रुंद रस्ते आणि उंच चाळी. मग एका वळणावर ती भिंत अचानक समोर येते. राखी विटांची, दहा-बारा मीटर उंच, वर दातेरी कंगोरे, आणि ठराविक अंतरावर पुढे आलेले बुरूज. मिंग घराण्याच्या आरंभी, १३७० साली, जुन्या मातीच्या तटाच्या जागी ती वाढवून बांधली. घेर सुमारे सहा किलोमीटर. तीन बाजू सरळ, दक्षिणेची मात्र जुन्या नदीच्या काठाने वाकडीतिकडी गेलेली. आत चोपून चोपून घट्ट केलेली माती आणि बाहेरून विटांचे चिलखत. वेशी सहा आहेत. गावकरी म्हणतात, हे गाव म्हणजे कासव: दक्षिणेची वेस तोंड, उत्तरेची शेपूट आणि पूर्व-पश्चिमेच्या चार वेशी म्हणजे पाय. बुरुजांवरच्या चौक्या बहात्तर आणि कंगोऱ्यांच्या खिडक्या तीन हजार. कन्फ्यूशियसचे थोर शिष्य बहात्तर आणि एकूण शिष्य तीन हजार होते, म्हणून ही संख्या, असा त्याचा अर्थ लावतात. शाळामास्तराला हे ऐकून बरे वाटले. आमच्याकडे किल्ल्याच्या बुरुजांना देवदेवतांची नावे असतात, सैन्याच्या सरदारांची असतात. गुरूच्या विद्यार्थ्यांच्या हजेरीपटावरून तट बांधलेला मी तरी दुसरा पाहिला नाही.

आतली घरे पाहताना मला आपले वाडे आठवले. रस्त्याकडे कोरी भिंत, खिडकी जवळजवळ नाही, एकच दार. आत गेले की चौक, त्याच्या पुढे आणखी चौक. फरक छपरात आहे. आपल्या घराचे पाणी आपण पागोळ्यांवाटे बाहेर सोडून देतो. इथली पुष्कळ छपरे एकाच अंगाला, आतल्या बाजूला, उतरती केलेली आहेत, म्हणजे पावसाचे सगळे पाणी आपल्याच अंगणात पडावे. पाणी म्हणजे लक्ष्मी, ती शेजाऱ्याच्या दारी कशाला जाऊ द्या? कोरड्या मुलखातल्या व्यापाऱ्याचे घर म्हणजे काय, ते त्या छपराकडे पाहून कळते.

आणि हे व्यापारी साधेसुधे नव्हते. शान्सीचे सौदागर दक्षिणेचा चहा उंटांवर लादून मंगोलियाच्या वाळवंटापार रशियाच्या सरहद्दीपर्यंत नेत. त्यांच्या दुकानांच्या शाखा देशभर होत्या. अडचण एकच होती. चलन चांदीचे. ती जड, आणि वाटेत लुटारू. चांदीच्या गाड्यांबरोबर तलवारबहाद्दर रखवालदार पाठवणाऱ्या मंडळींचा तिथे एक स्वतंत्र धंदाच होता.

पिंगयावच्या ली घराण्याचे रंगाचे दुकान होते, त्याची शाखा राजधानीत. लेइ ल्यूताय नावाचा त्यांचा मुख्य कारभारी मोठा डोकेबाज माणूस. राजधानीतले गाववाले त्याच्या दुकानात पैसे भरत आणि चिठ्ठी घेत; ती चिठ्ठी गावी दाखवली की घरच्यांना तेवढी चांदी मिळे. चांदी जागच्या जागी, फिरे तो फक्त कागद. रंगापेक्षा या कागदात अधिक कस आहे हे लेइने ओळखले आणि १८२३ च्या सुमारास दुकानाची पाटी बदलून 'रिशेंगचांग' ही पेढी उघडली. उगवत्या सूर्यासारखी भरभराट, असा त्या नावाचा भाव.

वाचक म्हणतील, ही तर आपली हुंडी! अगदी बरोबर. आपल्याकडे हुंडी त्याच्या कितीतरी आधीची. पेशवाईत उत्तरेतल्या फौजांचा पुष्कळसा पैसा सावकारांच्या हुंड्यांवरच फिरे. पण रिशेंगचांगने हुंडी हाच एक धंदा केला, आणि त्याची घडी अशी बसवली की पुढे चीनभर अशा ज्या पेढ्या निघाल्या त्यांतल्या वीसेक एकट्या पिंगयावच्या होत्या. बादशाही सरकारचा महसूलसुद्धा त्या पेढ्यांमार्फत जाऊ लागला.

ती पेढी आज संग्रहालय आहे. पश्चिमेच्या पेठेत लाकडी पाट्यांचे दार, आत दोन्ही अंगांना गल्ल्याच्या खोल्या. तिथला बंदोबस्त पाहून मी थक्क झालो. हुंडीचा कागद खास बनावटीचा, उजेडात धरला की आतली अक्षरे दिसावीत असा. लिहिणाऱ्याचे हस्ताक्षर प्रत्येक शाखेला ओळखीचे. आणि वर एक सांकेतिक लिपी! बारा महिन्यांना बारा अक्षरे, तीस तारखांना तीस अक्षरे, रकमेच्या आकड्यांना आणखी वेगळी. ही अक्षरे ओळीने वाचली की सावधगिरीचा उपदेश करणारी कविता होते, म्हणजे नोकरांना पाठ करायला सोपे. आणि थोड्या थोड्या काळाने कविता बदलायची. आमच्या बैलबाजारात दलाल रुमालाखाली बोटे धरून भाव ठरवतात, त्याचीच ही शिकलेली बहीण.

नोकरांचे नियम कडक. मुलगा घ्यायचा तो जामीन घेऊन. परगावच्या शाखेवर गेला की वर्षानुवर्षे तिथेच, बायकापोरे गावी. आज त्या अंगणांतून फिरताना प्रवासी कोरीव लाकूडकामाची वाहवा करतात. मला मात्र राहून राहून त्या बंद दारांआड सण साजरे करणाऱ्या बायका आठवत होत्या. पण याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. जुन्या, विश्वासू नोकराला एक पैसा न गुंतवता नफ्यात वाटा मिळे. मालकाचा तो चांदीचा वाटा, नोकराचा तो अंगाचा वाटा. तीन-चार वर्षांनी हिशेब होऊन तो हाती पडे आणि माणूस वारला तरी काही काळ त्याच्या घरच्यांना चालू राही.

तिथे एक गोष्ट सांगतात. एका भीक मागणाऱ्या म्हातारीला मेलेल्या नवऱ्याच्या जुन्या अंगरख्यात शिवलेला कागद सापडला. ती रिशेंगचांगची हुंडी होती, बारा हजार ताएल चांदीच्या घरातली, कित्येक वर्षांपूर्वी उत्तरेच्या चांगजियाखौ शाखेत काढलेली. पेढीने जुनी वहीखाती उलगडली, नोंद सापडली आणि म्हातारीला पैन् पै चुकती केली. गोष्टीत मीठमसाला असेलही, पण जिच्याविषयी लोक असली गोष्ट रचतात त्या पेढीची पत किती असेल!

मग ती बुडाली कशी? दिवाळी अंकात दिवाळ्याची कथा सांगू नये म्हणतात. पण इतिहास काही मुहूर्त पाहत नाही. १९०५ पासून सरकारची स्वतःची बँक निघाली. नव्या पद्धतीच्या बँका तारण घेऊन पैसे देत. या पेढ्या माणसाचे तोंड आणि घराणे पाहून देत. सरकारने या मंडळींना नव्या बँकेत भागीदारीला बोलावले होते, पण पिंगयावच्या बड्या कारभाऱ्यांनी मान हलवली. जे शहाणपण शंभर वर्षे पुरले ते आणखी शंभर वर्षे का पुरणार नाही, असे त्यांना वाटले असावे. १९११ साली क्रांती झाली, बादशाही कोसळली, गावोगाव लूटमार झाली. दिलेली कर्जे बुडाली, ठेवीदार मात्र दारात उभे. १९१४ साली रिशेंगचांगचे दिवाळे निघाले. इतर पेढ्याही एकामागून एक मिटल्या.

लक्ष्मी गेली, आणि माझ्या मते पिंगयावची भिंत राहिली ती त्याच दिवशी. ज्या शहरांत पैसा होता त्यांनी कोट पाडले, रस्ते रुंद केले, जुने वाडे उतरवून इमले चढवले. पिंगयावकडे पाडायलाही पैसा नव्हता. पणजोबांच्या वाड्यात पाचसहा बिऱ्हाडे दाटीने राहू लागली, छपरांवर गवत उगवले, पण विटा जागच्या जागी राहिल्या. दारिद्र्याने जपलेले गाव, असेच त्याला म्हणावे लागेल.

पण दारिद्र्य कायम टिकत नाही, आणि टिकावे अशी इच्छा कोणी करू नये. १९८० च्या सुमारास चीनमध्ये सुधारणेचे वारे वाहू लागले. पिंगयावचाही नवा आराखडा तयार झाला: जुन्या गावातून रुंद रस्ते काढायचे, मध्ये चौक करायचा. पश्चिमेकडची काही जुनी घरे पाडलीही गेली. अशा वेळी शांघायच्या तोंगजी विद्यापीठातले एक शिक्षक, रुआन यीसान, तिथे आले आणि हबकले. त्यांनी पाडकाम थांबवायला लावले, आपल्या विद्यार्थ्यांना आणून गल्ली न् गल्ली मोजली आणि दुसरा आराखडा केला: नवे शहर भिंतीबाहेर वसवा, जुन्याला हात लावू नका. बीजिंगच्या जाणत्या माणसांनाही त्यांनी आणून दाखवले. त्यांच्या कामाचे वर्णन चिनी लोक एका म्हणीत करतात, मानेवर आलेली सुरी रोखून गाव वाचवले. शिक्षकाला तिथे 'लाओशी' म्हणतात आणि आपल्या 'गुरुजी'सारखीच त्याने हाकही मारतात. आमच्याबरोबरची दुभाषी मुलगी 'रुआन लाओशी' म्हणताना आवाज किंचित खाली आणी, हे माझ्या ध्यानात राहिले. १९९७ साली पिंगयाव युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेले.

त्यानंतर लक्ष्मी परत आली, प्रवाशांच्या रूपाने. दक्षिणेच्या पेठेत आता घरोघर खाणावळी, उतारशाळा, व्हिनेगर आणि खारवलेल्या मांसाची दुकाने, लाल कंदील. सरकारी कचेऱ्या भिंतीबाहेर गेल्या, हजारो रहिवासीही गेले. मोठ्या पेठा सोडून मागच्या गल्लीत शिरले तेव्हा कुठे मला दारात भाजी निवडणारी आजी आणि दोरीवर वाळत घातलेले कपडे दिसले. गरिबीत गाव भरलेले होते आणि भिंत पडायला आली होती. आता भिंत धड आहे आणि गाव रिकामे होत आहे. कोणी कोणाला दोष द्यावा?

गावापासून थोड्याच अंतरावर श्वांगलिन मंदिर आहे, दोन हजारांवर रंगीत मातीच्या मूर्ती तिथे आहेत. त्यांतला एक चिलखत घातलेला तरुण योद्धा, कमरेत वळून उभा, फार प्रसिद्ध आहे. त्याचे नाव वेइतुओ. बौद्ध धर्माबरोबर इथून तिथे गेलेला हा आपला स्कंद, म्हणजे कार्तिकेय. धाकट्या भावाला, गणपतीला, आपण घरोघर बसवतो. थोरला शान्सीच्या एका मंदिरात पहारा करीत उभा आहे, आणि तिथल्या भाविकांना तो परका आहे हे ठाऊकही नाही.

२०२१ च्या ऑक्टोबरात शान्सीत अवेळी पाऊस कोसळला. कोरड्या मुलखातला तट तो. मातीत पाणी मुरले आणि आतल्या अंगाने सुमारे पंचवीस मीटर लांबीचा भाग ढासळला. २००४ सालीही दक्षिणेकडचा एक तुकडा असाच पडला होता. दोन्ही वेळा तो पुन्हा उभा केला गेला. मी तटावरून चालताना एका जागी दुभाषीने थांबवले आणि खाली बोट दाखवले. आतल्या अंगाच्या त्या मातीचा रंग आजूबाजूच्या मातीहून थोडा ताजा होता. खाली दोन माणसे एका लहानशा भेगेत, चोपणीने, थर थर माती बसवीत होती.