बाझलची संस्था आणि प्रतिपिंडांचा मुतालिक

ऱ्हाइनच्या काठावरील बाझल नगरात रोश या औषधकंपनीने १९६९ साली प्रतिकारशास्त्राची जी संस्था स्थापिली, तिचा खर्च पेढीच्या खजिन्यातून होत असूनही संशोधनाचा विषय ठरविण्याची मुखत्यारी संशोधकांकडेच होती; आणि पहिले संचालक नील्स येर्ने यांनी तर खाती व हुद्दे यांना तेथे जवळजवळ थाराच दिला नाही. व्यापारी पेढीच्या हातून असे औदार्य क्वचितच घडते.

रेणवीय जीवशास्त्रज्ञ सुसुमु तोनेगावा १९७१ च्या आरंभी तेथे आले ते या शास्त्राच्या ओढीने नव्हे, तर अमेरिकेतील वास्तव्याच्या परवान्याची मुदत सरल्यामुळे. लक्षावधी तऱ्हांची प्रतिपिंडे घडविणाऱ्या शरीरास तितकी जनुके वतन म्हणून वंशपरंपरेने मिळतात, की थोडक्या वतनातून प्रतिपिंडे बनविणारी प्रत्येक बी-पेशी आपापली जुळणी करून घेते, हा त्या काळचा वाद होता. ड्रायर व बेनेट यांनी १९६५ मध्येच, प्रतिपिंड ज्या जड व हलक्या प्रथिन-साखळ्यांचे बनते त्यांतील एका साखळीस दोन जनुके लागत असावीत असे सुचविले होते. पण जनुक जागा सोडते, हे बहुतेकांना पाखंड वाटले. तोनेगावा व होझुमी यांनी उंदराच्या भ्रूणातील आणि प्रतिपिंडे स्रवणाऱ्या अर्बुदातील डीएनए एकाच विकराने छेदला, तेव्हा भ्रूणात निरनिराळ्या तुकड्यांवर असलेली साखळीच्या परिवर्ती व स्थिर भागांची जनुके अर्बुदात एकाच तुकड्यावर आढळली, म्हणजे ती जागा सोडून जवळ आली होती. १९७६ च्या त्या निबंधाने वाद मिटला, आणि १९८७ चे नोबेल तोनेगावांना एकट्यांना मिळाले.

पुढची कथा कमी सांगितली जाते, आणि मला तीच अधिक मनोरम वाटते. ही कापाकापी कधी थांबवावी, हे पेशीस कोण कळविते? साकागुची व मेल्कर्स यांना १९८६ मध्ये याच संस्थेत केवळ अपक्व बी-पेशींत जागृत असणारे लॅम्डा-पाच हे जनुक सापडले, आणि पुढच्याच वर्षी कुडो व मेल्कर्स यांना त्याचा जोडीदार. ही दोन प्रथिने मिळून खऱ्या हलक्या साखळीच्या गैरहजेरीत कारभार पाहणारा जणू मुतालिकच होतात: नव्याने जुळलेली जड साखळी त्याच्या सोबतीने पेशीच्या पृष्ठभागी हजर झाली, की आतून हुकूम सुटतो, जड साखळीची आणखी जुळणी बंद पडते आणि पेशी विभागू लागते. बाझलमध्येच काचपात्रात वाढविलेल्या अशा पेशींना इंटरल्यूकिन-सात हे वाढकारक प्रथिन मिळत राही तोवर त्या नुसत्या वाढत. ते काढून घेतले की हलक्या साखळीच्या जुळणीस आरंभ होई.

२००० साली रोशने ही संस्था मिटवून त्या जागी वैद्यकीय जनुकशास्त्राचे केंद्र काढले, आणि तिथली ती मुखत्यारीही त्याबरोबरच खालसा झाली.