भरतीचं दार

१८९३ साली लंडनमध्ये भारतीय पोलिसातील अधिकारपदांसाठी पहिली स्पर्धा परीक्षा झाली. ती गोऱ्यांपुरतीच होती. १९०२-०३च्या फ्रेझर आयोगाने सुशिक्षितांना थेट फौजदार नेमण्याची व प्रशिक्षणशाळा काढण्याची शिफारस केली. मुंबई इलाख्याची शाळा १९०६ साली पुण्याजवळ भांबुर्ड्याला निघाली, १९०९ साली नाशिकला गेली. असं दार हळूहळू उघडत गेलं.

तरीही २००६च्या सच्चर अहवालात मुस्लिम शिपायांचं प्रमाण ६ टक्केच आढळलं. २००१च्या जनगणनेत समाज १३.४ टक्के होता.

महाराष्ट्रात शिपाई भरतीत मैदानी चाचणीला ५० गुण, लेखीला १००. उर्दू शाळेतली आमची मुलं धावण्यात कमी नाहीत. अडखळतात ती मराठी व्याकरणाशी. त्यासाठी आयोगाची वाट कशाला पाहायची? ते काम आम्हा शिक्षकांचं आहे.