डीटीडी
डीटीडी : डॉक्युमेंट टाइप डेफिनिशन. एक्सएमएल दस्तऐवजात कोणते घटक, कोणत्या क्रमाने, किती वेळा यावेत हे ठरवून देणारी साध्या मजकुराची फाइल. ही पद्धत एक्सएमएलच्या आधीच्या एसजीएमएल या खूणभाषेकडून (१९८६) आली. समजा, 'अध्याय' या घटकाच्या व्याख्येत कंसात 'शीर्षक, ओवी+, समाप्ती?' असे लिहिले. तर शीर्षक आधी आणि एकदाच हवे, ओवी किमान एक हवी, समाप्ती नसली तरी चालते. घटकांची नावे देवनागरीत देता येतात, आणि मराठी ग्रंथांसाठी ती तशीच द्यावीत असा आमचा आग्रह आहे. फाइल यूटीएफ-८ मध्ये जतन करावी. घटकातल्या मजकुराचा प्रकार मात्र डीटीडी तपासत नाही : 'वर्ष' या घटकात आकड्याऐवजी भलताच शब्द आला तरी दस्तऐवज वैध ठरतो. तिथे एक्सएमएल स्कीमासारखे साधन लागते.