जुन्या रिव्हॉल्व्हरची किंमत आणि वाशीमचे कागद

समजा, वाशीम जिल्ह्यातल्या एखाद्या घरात आजोबांच्या नावच्या परवान्यावरचं वेब्ली मार्क सहा रिव्हॉल्व्हर आहे. आजोबा गेले. घरचे विचारतात, "याचे किती येतील?" तुम्ही इतिहासाचे विद्यार्थी. उत्तर कसं शोधाल?

आधी वस्तू बघा. ब्रिटिश सैन्याने हे मॉडेल १९१५ साली स्वीकारलं, काडतूस.४५५ बोअरचं. कंपनीचं नाव, क्रमांक, चाचणीचे शिक्के आणि धातूवरचा मूळ रंग यांवर संग्राहक भाव ठरवतात. घासून चकचकीत केलेल्या नगाला कमी भाव मिळतो. तेव्हा साफसफाईचा मोह टाळा. आणि हत्यार स्वतः हाताळू नका. ते रिकामं असल्याची खात्री जाणकारालाच करू द्या.

मग बाजार. परदेशी लिलावातला आकडा रुपयांत बदलला की झालं, असं अनेकांना वाटतं. पण भाव ठरतो तो विकत कोण घेऊ शकतो यावर. आपल्याकडे .४५५ बोअरचं रिव्हॉल्व्हर प्रतिबंधित वर्गात मोडतं, म्हणून गिऱ्हाईक मोजकेच. परदेशात पाठवावं, तर १९७२च्या कायद्यानुसार शंभर वर्षं जुनी ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू पुरावशेष ठरू शकते आणि ती खासगी माणसाला निर्यात करता येत नाही. १९५९च्या शस्त्र कायद्यात पुरातन हत्यारांना सूट आहे खरी. पण ती दुरुस्त करूनही चालणार नाहीत अशांनाच. त्याचा निर्णय घरी बसून करायचा नसतो.

आता आपला खरा विषय: कागद. १८७८च्या शस्त्र कायद्याखाली परवाना मिळणं म्हणजे सरकारचा त्या माणसावर विश्वास असणं. तो कुणाला मिळाला, कशासाठी मिळाला, यातून गावातली सत्ता कुणाच्या हाती होती ते दिसतं. हे कागद फक्त वाशीमच्या कचेरीत शोधाल तर हाती फारसं लागणार नाही. इंग्रजी दप्तरातला 'बासिम' जिल्हा १९०५ मध्ये मोडला. वाशीम आणि मंगरूळ अकोल्याकडे गेले, पुसद यवतमाळकडे. वाशीम पुन्हा जिल्हा झाला तो १ जुलै १९९८ रोजी. म्हणजे १९३० सालचा परवाना अकोल्याच्या डेप्युटी कमिशनरच्या दप्तरात शोधायचा, आणि प्रांताच्या पातळीवरचा पत्रव्यवहार नागपूरच्या, कारण मध्य प्रांत व वऱ्हाडची राजधानी तिथे होती.

घाई इथेच आहे. परवाना वारसाला आपोआप मिळत नाही. हत्यार पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावं लागतं, आणि मुदतीत कुणी हक्क सांगितला नाही तर ते सरकारजमा होतं. कायदा पाळायचाच, पण जमा करण्याआधी परवान्याच्या प्रत्येक पानाची, नूतनीकरणाच्या शिक्क्यांसकट, प्रत काढून घ्या. हत्याराचा क्रमांक परवान्यावरच्या क्रमांकाशी जुळतो का, तेही पाहा.

घरच्यांना काय सांगाल? भाव परवानाधारक विक्रेता सांगेल. तुम्ही त्यांना एवढंच सांगा, की हे पिवळे कागद रद्दीत टाकू नका.